गिझर का थांबला?

पूर्वी आपल्याकडे अंघोळीचे पाणी चुलीवर नाहीतर तांब्याच्या बंबात तापत असे. बंबाला बिघडायचे ते काय? राख साचली, नळी तुंबली, तोटी गळू लागली. सारे डोळ्यांना दिसे. आता पुष्कळ घरांतला बंब माळ्यावर गेला आणि भिंतीवर गॅसचा गिझर आला. नळ सोडला की कढत पाणी. पण हा गिझर थांबला की माणूस गोंधळतो. आत काय चालते ते दिसतच नाही.

नव्या गिझरपैकी बऱ्याचशांना समोर एक छोटी काच असते. तिच्यात आकडे उमटतात. काही अडले की गिझर त्या काचेवर एक अक्षर आणि एक आकडा दाखवतो. म्हणजे यंत्र आपली अडचण लिहून दाखवते. आपण आता वाचायला शिकलो आहोत. तेव्हा हे लिहिणे कसे वाचायचे, ते पाहू.

गेल्या पौषात आमच्या शेजारच्या आक्का पहाटेच दारात आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, गिझर पेटंना. काचेवर कंगव्यावाणी काहीतरी आलंय, न् त्याच्या म्होरं एक काठी."

आम्ही जाऊन पाहिले. कंगवा म्हणजे इंग्रजी ई हे अक्षर. एक उभी काठी आणि तिला उजव्या बाजूला तीन दात. पुढची काठी म्हणजे इंग्रजी एक. दोन्ही मिळून झाले 'ई १'. चूक या अर्थाचा जो इंग्रजी शब्द आहे, त्याचे ई हे पहिले अक्षर. गिझर म्हणत होता, माझी पहिल्या नंबरची अडचण आहे.

"मग काल राती बेचाळीस आलं होतं की! तवा बी बिघडला होता व्हय?"

नाही. पुढे अक्षर नसेल, नुसता आकडा असेल, तर तो पाण्याचा ऊनपणा. ४२ म्हणजे ४२ अंश. आपले अंग ३७ अंशांच्या आसपास असते. म्हणून ४२ अंशांचे पाणी अंगाला चांगले ऊन लागते. आकडा ५० च्या पुढे दिसला तर मात्र तसेच पाणी अंगावर घेऊ नका. पोरासोरांची कातडी भाजते.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवा. सगळ्या कंपन्यांचे आकडे एक नाहीत. एकीचा तीन म्हणजे पाणी फार तापले, तर दुसरीचा तीन म्हणजे आणखी काही. म्हणून गिझरबरोबर मिळालेली पुस्तिका जपून ठेवा. तिच्या शेवटच्या पानांत बहुधा एक तक्ता असतो. डाव्या बाजूला आकडा, उजव्या बाजूला अर्थ. ही पुस्तिका फार बारीक टाइपात छापतात. का, ते कंपनीच जाणे! पुस्तिका इंग्रजी किंवा हिंदीत असेल तर शाळेतल्या मुलाकडून अर्थ समजून घ्या. आक्कांच्या पुस्तिकेत 'ई १' पुढे लिहिले होते, ज्योत पेटली नाही.

ज्योत का पेटली नाही? हे कळायला गिझरच्या पोटात काय चालते ते माहीत हवे. नळ सोडला की पाणी आत शिरते. पाण्याच्या रेट्याने एक पातळ रबरी पडदा ढकलला जातो. पडदा सरकला की एक कळ दाबली जाते. मग टक्-टक्-टक् अशी ठिणगी पडू लागते आणि गॅसची वाट उघडते. ज्योत पेटते. ज्योतीजवळ एक बारीक काडी असते. ज्योत लागली की नाही, हे ही काडी ओळखते. काही सेकंदांत ज्योत लागली नाही तर गिझर गॅसची वाट आपोआप बंद करतो. तसे केले नाही तर न पेटलेला गॅस घरात साचेल आणि पुढच्या ठिणगीला भडका उडेल. गिझर अडून बसतो तो आपल्याच जिवासाठी.

तेव्हा आधी पाणी, मग ठिणगी, मग गॅस आणि शेवटी ज्योत. याच क्रमाने तपासावे.

नळ सोडला आणि टक्-टक् आवाजच आला नाही, तर पाणी किंवा सेल पाहा. गिझरला साधारणपणे मिनिटाला अडीच-तीन लिटर पाणी तरी लागते. म्हणजे पंधरा लिटरची बादली पाच मिनिटांत भरली पाहिजे. घड्याळ लावून बघा. जास्त वेळ लागला तर पाण्याचा जोर कमी. टाकी फार खाली असेल, नाहीतर जाळी तुंबली असेल. गिझरमध्ये थंड पाणी जिथून शिरते तिथे एक बारीक जाळी असते. बोअरच्या पाण्यातली रेती आणि क्षार तिच्यात अडकतात. पाण्याचा कॉक बंद करा, पान्याने नट सोडवा, जाळी काढून जुन्या दात घासायच्या ब्रशने धुवा. बसवताना वायसर विसरू नका. हे काम घरचे माणूस करू शकते.

सेलचे तसेच. बहुतेक घरगुती गिझर दोन जाड्या सेलांवर ठिणगी पाडतात. मोठ्या बॅटरीत घालतो तेच हे सेल. काच कोरी असेल तर सेल संपले. आवाज रखडत, थकल्यासारखा येत असेल तर सेल संपत आले. दोन्ही सेल एकदम बदलावेत. एक नवा आणि एक जुना घालून काटकसर होत नाही, जुना नव्यालाही ओढून नेतो. सेल कसा बसवायचा ते खाचेत दाखवलेले असते. बेरजेत आपण जे अधिकाचे चिन्ह शिकलो, तेच तिथे असते. (थोडे गिझर घरच्या विजेवर चालतात. त्यांना हात लावण्याआधी विजेचे बटण बंद करा.)

आक्कांच्या गिझरचा आवाज खणखणीत होता. पाण्याला जोर होता. म्हणजे खोट गॅसमध्ये. आम्ही विचारले, "सिलिंडर कधी बदलला?"

"काल राती. धाकट्यानं लावला."

पाहतो तर धाकट्याने रेग्युलेटर नीट बसवला होता, पण कळ फिरवलीच नव्हती! कळ फिरवली. पहिल्या खेपेला तरी ज्योत लागली नाही. नवा सिलिंडर लावला की नळीत हवा राहते, ती निघायला दोन-तीन खेपा लागतात. प्रत्येक खेपेनंतर नळ बंद करून थोडे थांबायचे आणि वास घ्यायचा. तिसऱ्या खेपेला भप् झाले आणि निळी ज्योत लागली. आक्का मिस्त्रीला बोलावणारच होत्या.

सिलिंडरपाशी गेलोच आहोत, तर तिथलेही थोडे वाचू. सिलिंडरच्या वरच्या कड्याला धरणाऱ्या उभ्या पट्ट्या असतात. एका पट्टीच्या आतल्या अंगाला एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे लिहिलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. आकडे वर्षाचे. 'सी २९' असेल तर त्या सिलिंडरची पुढची तपासणी सप्टेंबर २०२९ पर्यंत व्हायला हवी. ती मुदत उलटून गेलेला सिलिंडर गाडीवाल्याने आणला तर उतरवून घेऊ नका, दुसरा मागा. नळीवरही तारीख छापलेली असते. मुदत झालेली किंवा चिरा पडलेली नळी बदलावी. जोडावर साबणाचे पाणी लावून पाहा. बुडबुडे आले तर गॅस गळतो. काडी ओढून गळती शोधणारे शहाणे आम्ही पाहिले आहेत. तसे कधी करू नका.

घरात गॅसचा वास आला तर विजेचे कोणतेही बटण दाबू नका, चालू नाही आणि बंदही नाही. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, घराबाहेर जा आणि बाहेरून १९०६ या नंबरला फोन करा. हा गॅसच्या तक्रारीचा नंबर रात्रंदिवस चालू असतो. आपला सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड आहे. तो जमिनीलगत साचतो. म्हणून उंच झरोका उघडला तरी पुरत नाही, दार उघडावे लागते.

येथवर झाले ते घरच्या माणसाला जमणारे. आता जे आपण करायचे नाही, आणि दुसऱ्याला करूही द्यायचे नाही, त्याकडे वळू.

आमच्याच गल्लीतल्या एका घरी गिझर न्हाणीतच लावला होता. न्हाणी चार हात लांब, तीन हात रुंद. एक झरोका होता, त्यात थंडीमुळे पोत्याचा बोळा कोंबलेला. गिझर पाच-सहा मिनिटे चाले आणि बंद पडे. काचेवर अक्षर येई. घरच्यांनी एक मिस्त्री आणला. तो म्हणाला, "काही नाही हो, डायरेक्ट करून देतो." त्याने आतल्या दोन तारा एकमेकींना जोडल्या. अक्षर यायचे थांबले. सगळे खूश झाले.

त्या तारा कशाच्या होत्या? काही गिझरांत एक लहानसा पहारेकरी बसवलेला असतो. खोलीतली चांगली हवा कमी झाली की तो ज्योत विझवतो. मिस्त्रीने त्या पहारेकऱ्यालाच घरी पाठवले. गिझर बिघडला नव्हताच. न्हाणीत हवा नाही, हेच तो रोज लिहून सांगत होता.

मग एके दिवशी त्या घरची सून न्हायला गेली. डोक्यावरून न्हायचे म्हणून वेळ लागला. पाण्याचा आवाज येत राहिला, पण हाकेला ओ येईना. दैव म्हणायचे की कडी जुनी होती. सासऱ्यांनी खांदा लावला आणि दार उघडले. पोर निपचित पडली होती. तिला अंगणात आणले, १०८ ची गाडी बोलावली, दवाखान्यात प्राणवायू लावला. वाचली. दोन दिवस डोके धरून बसत होती बिचारी. आम्ही तेव्हा अंगणात उभे होतो. ते दृश्य आम्ही विसरलेलो नाही.

काय झाले होते? गॅस पुरेशा हवेत जळला तर ज्योत निळी असते. हवा अपुरी पडली की ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि एक विषारी वायू तयार होतो. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने ठसका लागत नाही. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, म्हणून गळती कळते. या विषाला वास घालणार कोण? आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात. हा वायू त्या पेशींना प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. प्राणवायूला जागाच उरत नाही. डोके दुखते, गरगरते, मळमळते, पाय जड होतात. दार उघडावे असे मनात येते, पण हात उचलत नाही. बंबाच्या धुराने डोळे तरी चुरचुरत आणि माणूस बाहेर पळे. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजणाऱ्यांना मारतो, तोही हाच वायू.

साध्या गिझरमध्ये हा पहारेकरी नसतोच. तिथे काचेवर काही उमटणार नाही. म्हणून गिझर न्हाणीत लावूच नये. तो बाहेर, उघड्या पडवीत किंवा मागल्या दारी लावावा आणि ऊन पाणी नळीने आत न्यावे. नळीला चार पैसे जास्त लागतात, लागू द्यावेत. ज्यांचा गिझर आधीच आत आहे त्यांनी तो हलवीपर्यंत असे करावे: आधी बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, दार उघडून थोडा वेळ हवा खेळू द्यावी आणि मग अंघोळीला बसावे. झरोक्यातला बोळा आजच काढावा.

गिझरच्या छोट्या खिडकीतून अधूनमधून ज्योत पाहत जा. ती पिवळी दिसली, वरच्या पत्र्यावर काजळी धरली, किंवा ज्योत लागून पुन्हा पुन्हा विझू लागली, तर गिझर वापरायचा थांबवा आणि कंपनीचा माणूस बोलवा. बर्नर साफ करणे, गॅसची वाट उघडणे, ज्योत ओळखणारी काडी पुसणे ही त्याची कामे. तो काम करताना जवळ उभे राहा. काय बदलले ते विचारा, पावतीवर लिहून घ्या आणि वाचा. "डायरेक्ट" हा शब्द कानी पडला तर काम तिथेच थांबवा. कोणी न्हाणीत बेशुद्ध सापडले तर आधी दार सताड उघडा, माणसाला उघड्यावर ओढून आणा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन करा. डॉक्टरांना गिझर चालू होता हे आवर्जून सांगा.

त्या घरचा गिझर आता मागल्या पडवीत आहे. मिस्त्रीने जोडलेल्या तारा कंपनीच्या माणसाने सोडवल्या आणि पहारेकरी नवा बसवला. सुनेने पुस्तिकेतला तक्ता मराठीत करून एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला आणि गिझरशेजारी खिळ्याला टांगला. खाली १९०६ आणि १०८ हे नंबरही लिहिले. आक्का परवा तो पुठ्ठा पाहायला गेल्या होत्या. पहिल्या दोन ओळी त्यांनी बोट ठेवून वाचल्या आणि घरी येऊन आमच्याकडे एक कोरा पुठ्ठा मागितला.