बर्फाखालच्या ओढ्यातील दोन मासे

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात रॉकी पर्वताच्या रांगा दक्षिणोत्तर पसरल्या आहेत. त्यांच्या उंच उतारांवरील ओढे हिवाळ्यात कित्येक महिने बर्फाने झाकलेले असतात. वरून पाहणाऱ्यास तेथे जीवनाचा मागमूसही दिसत नाही; परंतु त्या बर्फाखाली जगण्याची एक कठीण परीक्षा चाललेली असते. तिचा थोडासा परिचय आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांस करून देत आहोत.

या ओढ्यांचा मूळ रहिवासी कटथ्रोट ट्राउट हा होय. जबड्याखालील तांबड्या रेघांमुळे त्यास ‘चिरलेल्या गळ्याचा’ या अर्थाचे हे नाव पडले. १८०५ साली ल्युइस व क्लार्क यांच्या सफरीतील लोकांनी तो मिसूरी नदीच्या धबधब्यांपाशी पकडला. दुसरा मासा ब्रुक ट्राउट. त्याचे माहेर त्याच खंडाच्या पूर्व भागात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो पश्चिमेकडील ओढ्यांत आणून सोडण्यात आला. गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींची सोय व्हावी, एवढाच त्यात हेतू होता. परंतु पाहुणा घरधनी झाला, व पुष्कळ ओढ्यांतून मूळचा मासा नाहीसा झाला. असे का व्हावे?

त्याचे एक मोठे कारण हिवाळ्यात सापडते. तळ्याचा पृष्ठभाग गोठला तरी तळाशी पाणी सुमारे ४ अंश सेल्सिअस राहू शकते, कारण त्या उष्णमानास पाणी सर्वांत जड असते. वाहत्या ओढ्यात मात्र पाणी सारखे घुसळले जाऊन तळापर्यंत ० अंशावर येते. हिमकण बनून दगडांसही चिकटतात. माशाचे शरीर पाण्याइतकेच थंड होते, त्याची शक्ती मंदावते व प्रवाहाशी झुंजणे त्यास झेपत नाही. म्हणून तो संथ डोह, दगडांमधील पोकळ्या, पडलेल्या ओंडक्यांचा आडोसा, बीव्हर नावाच्या प्राण्याने बांध घालून केलेली तळी, अशा जागा शोधतो. दिवसा दडून राहतो व रात्री बाहेर पडतो. जमिनीतून झरा जेथे वर येतो, ती जागा तर फारच मोलाची. आपल्याकडे थंडीच्या पहाटे विहिरीचे पाणी कोमट लागते ना? तोच न्याय तेथेही लागू आहे.

अशा जागा थोड्या, आणि त्या दोघांनाही हव्या! येथे जन्माचा हंगाम निर्णायक ठरतो. ब्रुक ट्राउट शरद ऋतूत, आणि पुष्कळदा झऱ्याचे पाणी पाझरते अशा रेतीखड्यांतच, अंडी घालतो. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘फाँटिनॅलिस’ या लॅटिन शब्दाचा अर्थही ‘झऱ्यांचा’ असाच आहे. अंडी हिवाळाभर तेथे सुरक्षित राहतात. वसंतात पिले बाहेर येतात व वाढीस त्यांना सबंध उन्हाळा मिळतो. कटथ्रोट मात्र बर्फ वितळू लागल्यावर अंडी घालतो. अतिशय थंड ओढ्यांत त्याची पिले उन्हाळा सरताना बाहेर पडतात, आणि थोड्याच आठवड्यांत हिवाळा येऊन ठेपतो. चिमुकल्या देहात चरबीची शिदोरी ती किती असणार? पुष्कळशी पिले वसंत पाहतच नाहीत. आणि त्यांच्याहून थोराड झालेली पाहुण्याची पिले आधीच चांगल्या जागा अडवून बसलेली असतात.

यात ब्रुक ट्राउटचा दोष नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्याच्या मूळ मुलखात युरोपातील ब्राउन ट्राउट व पश्चिमेकडील रेनबो ट्राउट आणून सोडल्यामुळे तेथे तोच मागे हटत आहे. ईश्वरी सृष्टीत प्रत्येक जीवाची जागा ठरलेली असते; ती मोडतो तो मनुष्य.

आता काही ओढ्यांत बांध घालून, त्याच्या वरच्या अंगातील पाहुणे मासे काढून मूळच्या माशास पुन्हा थारा देण्याचे काम चालते. ते खर्चाचे व चिकाटीचे आहे. मासे सोडण्यास एक घागर पुरते. ते काढण्यास वर्षानुवर्षे श्रमावे लागते. घरातील काचपात्रातील परदेशी मासे कंटाळा आला म्हणून गावच्या नदीत सोडण्यापूर्वी आमच्या बालवाचकांनी व त्यांच्या पालकांनी एवढे अवश्य आठवावे.