आम्लाचें बळ आणि चुन्याचें माप

गुऱ्हाळावर काहिलींतला रस तापूं लागला म्हणजे गुळव्या त्यांत चुन्याची निवळी घालितो. निवळी कमी पडली तर गूळ चिकट होतो; जास्त झाली तर काळसर होतो व भाव उतरतो. शेतकऱ्याची वर्षाची मेहनत ज्या मापावर अवलंबून आहे, त्याचें कारण आज पाहूं.

उसाच्या रसांत स्वभावतःच थोडें आम्ल असतें. आम्ल पाण्यांत गेलें म्हणजे त्यांतून हायड्रोजनचे विद्युत्‌भारित कण सुटे होतात, असा सिद्धांत स्वीडनचे स्वांते अऱ्हेनियस यांनीं १८८७ सालीं मांडला. चुना हा अल्क. त्याचे कण या कणांस मिळून पाणी होतें व उरलेल्या भागांचें लवण बनतें.

आम्लाचें बळ तें कोणतें? हायड्रोक्लोरिक आम्ल बळकट आहे. पाण्यांत त्याचे जवळजवळ सर्व रेणू फुटतात. शिर्क्यांतील ॲसेटिक आम्ल दुर्बळ. पातळ द्रावणांत त्याच्या शंभर रेणूंपैकीं एखाददुसराच फुटतो. मात्र बळकट व दाट हे शब्द एक समजूं नयेत. बळकट आम्लांत पाणी मिसळल्यानें तें पातळ होतें, दुर्बळ नव्हे. आणि निर्जळ ॲसेटिक आम्ल दुर्बळ असूनही कातडी भाजतें.

मग दुर्बळ आम्लास चुना थोडा पुरेल काय? नाहीं. या दोन आम्लांचे रेणू सारखेच असतील तर चुनाही सारखाच लागतो. चुन्यानें सुटे कण टिपले कीं उरलेले रेणू नवे कण सोडितात. विहीर उपसावी आणि झऱ्यांनीं ती पुन्हां भरावी, तसेंच हें आहे.

आम्लता मोजण्याची पट्टी डेन्मार्कचे सोरेनसन यांनीं १९०९ सालीं दिली. तींत ७ हा मध्य. त्याखालीं प्रत्येक अंकास आम्लता दहापट वाढते. ताज्या रसाचा अंक सुमारें ५ ते ५.५ असतो. तसाच रस उकळला तर साखर फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज होतात, आणि दाणा धरत नाहीं. चुना फार झाला तर याच साध्या साखरा बिघडून रंग काळवंडतो. आपल्या जिल्ह्यांत लोणी येथें प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० सालीं सुरू झाला. पांढरी साखर करणाऱ्या बहुतेक भारतीय कारखान्यांत रसांत चुना घालून गंधकाचा वायू सोडितात व अंक ७ च्या आसपास आणितात.

रसांतील आम्लें बहुतांशीं दुर्बळ असल्यानें कागदाची पट्टी सुटे कणच दाखविते, राखीव सांठा दाखवीत नाहीं. म्हणून निवळी थोडथोडी घालावी, ढवळावें व पुन्हां पट्टी पाहावी. चुना डोळ्यांत उडाल्यास लिंबू वा शिर्का घालूं नये. स्वच्छ पाण्यानें पुष्कळ वेळ धुवून दवाखाना गांठावा.

प्रश्न : (१) बळकट व दाट यांत भेद काय? (२) दुर्बळ आम्लासही तितकाच चुना कां लागतो? (३) अंक ५ चा रस अंक ७ च्या पाण्याहून किती पट आम्ल?