खिडकी, खाट आणि दहीवाला

ज्यूंच्या संहारावर नाटक म्हटलं की मंडळातली पोरं आधी गणवेश आणि बूट शोधायला निघतात. त्यांना थांबवा. उल्हासनगरच्या कॅम्प ५मध्ये हा विषय करायचा तर रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ घ्या. १८ जुलै १९४२ला वॉर्साच्या घेट्टोत डॉ. यानुश कोर्चाक यांच्या अनाथाश्रमातल्या मुलांनी हेच नाटक केलं होतं. चारच दिवसांनी घेट्टोतून ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे गाड्या सुटू लागल्या. ऑगस्टच्या सुरुवातीला कोर्चाक आणि सुमारे दोनशे मुलंही गेली. सुटकेची संधी असूनही डॉक्टर मुलांना सोडून गेले नाहीत.

आधी कागदपत्रं. मूळ बंगाली नाटकावर आता स्वामित्वहक्क नाही, पण मराठी अनुवादावर असू शकतो. लेखी परवानगी घ्या. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता लवकर पाठवा. जुलैतला प्रयोग असेल तर मांडव नको, पक्क्या छताचा हॉल बघा.

मग वाचन. पालकांना बसवून घ्या आणि कोर्चाकांची हकीकत मुलांना पहिल्याच दिवशी खरी सांगा. छळछावण्यांचे फोटो मात्र दाखवू नका. नाटकातल्या अमलचं काम करणाऱ्या मुलाला रडवेला आवाज काढू देऊ नका. अमल आजारी आहे, खिडकीशीच बसून असतो, पण त्याला दही विकत गावोगाव हिंडायचंय, डोंगरापलीकडे जायचंय. त्याची ही हौस दिसली नाही तर नाटक पडलंच.

नेपथ्यात खर्च फक्त खिडकीवर करा. सुताराकडून चार फूट रुंद, तीन फूट उंच चौकट करून घ्या, गज लावू नका. ती रंगमंचाच्या मध्यावर प्रेक्षकांकडे तोंड करून उभी करा, मागे खाट ठेवा. खालची पट्टी बसलेल्या अमलच्या छातीपर्यंत यावी. उंच झाली तर शेवटच्या रांगेला नुसते केस दिसतात. दहीवाला, पहारेकरी, फुलवाली सुधा पुढून जातील. त्यांना तिरकं उभं करा, नाहीतर संवादभर अमल झाकला जाईल.

दहीवाल्याची आरोळी अमलला शिकायची असते. ती बंगाली सुरात नको. सकाळी गल्लीत येणाऱ्या फेरीवाल्याची लकब मुलांना ऐकवा. आपल्याकडे मराठी आणि सिंधी घरं भिंतीला भिंत लागून आहेत. दहीवाला सिंधी वळणाचं बोलला तर फारच छान.

स्वस्तिक, भोंगा, आगगाडीचा आवाज यातलं काहीही वापरू नका. शेवटी राजवैद्य दारं-खिडक्या उघडायला आणि दिवे मालवायला सांगतो. तेव्हा हॅलोजन एकेक करून बंद करा आणि निळा जिलेटीन लावलेला एकच दिवा खाटेवर राहू द्या. पूर्ण ब्लॅकआउट नको, सुधा फुलं घेऊन येते ती दिसली पाहिजे.

पडद्यानंतर एका मुलाने वॉर्साची तारीख, कोर्चाकांचं नाव आणि मुलांचं काय झालं ते चार वाक्यांत सांगावं. मग खुर्च्या गोल करून चर्चा. फाळणीनंतर इथल्या लष्करी बराकीत आलेल्या कुटुंबांतली ज्येष्ठ मंडळी असतील तर त्यांना आधी बोलू द्या. कोणाचं दुःख मोठं हा वाद कोणी काढलाच, तर चर्चा चालवणाऱ्याने तो तिथेच थांबवावा. ध्वनिक्षेपक दहाला बंद करायचा असतो, तेव्हा पडदा सातलाच उघडा.