उघड्या जागेचे मॉडेल

इमारतीच्या सॉफ्टवेअरला भिंती आणि छत कळतात. मग उघड्या जागेचे मॉडेल कसे करायचे? दिल्लीतील राष्ट्रीय युद्ध स्मारकाचे साधे मॉडेल करताना मी ते शिकलो. इंडिया गेटजवळचे हे स्मारक 2019 मध्ये खुले झाले.

पहिली पायरी जमिनीची. इंडिया गेटचे दृश्य अडू नये म्हणून स्मारकाचा मधला भाग खोलगट आहे. म्हणून तिथली लेव्हल शून्याच्या खाली घ्यावी.

दुसरी पायरी वर्तुळांची. एकाच केंद्रातून आतून बाहेर अमर, वीरता, त्याग आणि रक्षक चक्र काढावे. त्याग चक्रात शहिदांची नावे कोरलेल्या ग्रॅनाइटच्या भिंती आहेत. तिथे भिंतीचे टूल चालते. रक्षक चक्र मात्र झाडांचे आहे. त्यासाठी एक झाड ठेवून ‘अ‍ॅरे’ने केंद्राभोवती त्याच्या प्रती फिरवाव्यात.

शेवटची पायरी कॅमेऱ्याची. मित्रांनो, वरून चक्रे सुंदर दिसतात, पण माणूस जमिनीवरून येतो. कॅमेरा 1.6 मीटरवर ठेवून चाला, मग व्हीलचेअरसाठी 1.2 मीटरवर आणा. मुलाचे नाव शोधणाऱ्या आईला, व्हीलचेअरवरच्या माजी सैनिकाला ते वाचता येईल का? मॉडेल त्यासाठीच करायचे.