कार्डावर इमेज लिहिताना

रास्पबेरी पायसारख्या एका पट्टीवर मावणाऱ्या छोट्या संगणकाला बहुधा हार्ड डिस्क नसते. त्याची लिनक्स प्रणाली नखाएवढ्या मायक्रोएसडी कार्डावर राहते, आणि ते कार्ड आधी दुसऱ्या संगणकावर तयार करून मग त्यात बसवावे लागते. बोलीत याला ‘कार्ड फ्लॅश करणे’ म्हणतात. इमेज म्हणजे तयार कार्डावरचा सगळा मजकूर, पहिल्या बाइटपासून क्रमाने, एकाच फाइलीत बांधलेला. पेनड्राइव्हवर गाणी टाकावीत तशी ही फाइल कार्डावर ओढून टाकली, तर कार्डावर एक मोठी फाइल दिसते, संगणक मात्र सुरू होत नाही.

सुरू होण्याच्या क्षणी संगणकाला लिनक्स ठाऊकच नसते. चिपमध्ये कायमचा कोरलेला एक चिमुकला प्रोग्रॅम असतो आणि त्याला ठरलेली जागा तेवढी वाचता येते. ऑलविनरच्या बऱ्याच चिपा कार्डाच्या आरंभापासून ८ किलोबाइटवर पुढचा प्रोग्रॅम शोधतात. रॉकचिपच्या चिपा ३२ किलोबाइटवर, म्हणजे ६४व्या सेक्टरपाशी. ही जागा सहसा पहिल्या पार्टिशनच्याही आधी येते, त्यामुळे फाइलींच्या यादीत ती कधीच दिसत नाही आणि फाइली उतरवून तिची नक्कलही होत नाही. रास्पबेरी पाय त्या मानाने समजूतदार आहे: पहिल्या फॅट पार्टिशनमधल्या फाइली तो वाचतो. तरी नियम सर्वांना एकच. इमेज पार्टिशनवर नव्हे, सबंध कार्डावर लिहायची. ‘एसडीबी१’वर नव्हे, ‘एसडीबी’वर.

नावातला हा ‘एसडी’ नवख्याला हमखास फसवतो. एसडी कार्डाशी त्याचा संबंध नाही. तो स्कझी डिस्कच्या जुन्या नावातून आला आहे. यूएसबीला जोडलेली हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह आणि रीडरमधले कार्ड या सर्वांना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावे मिळतात. लॅपटॉपच्या स्वतःच्या खाचेत घातलेले कार्ड मात्र बहुधा ‘एमएमसीबीएलके०’ म्हणून उभे राहते. शेवटचे अक्षर वस्तूला कायमचे चिकटलेले नसते. जी वस्तू आधी सापडेल तिला आधीचे अक्षर, एवढाच हिशेब. प्रस्तुत लेखकाला हे पुस्तकी ज्ञान पुरेपूर होते, आणि तरीही पुढचा प्रकार घडला.

धार जिल्ह्यातले बाग (बगीचा नव्हे, गावाचे नावच बाग) ठप्पा छपाईसाठी ओळखले जाते. हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या कापडावर तुरटीचा आणि लोखंडाचा ठसा उमटवतात. तुरटीचा भाग अलिझरिनमध्ये उकळल्यावर लाल होतो, लोखंडाचा काळा राहतो. अशा एका कारखान्यात गिऱ्हाइकांना नक्षीचे नमुने पडद्यावर दाखवण्यासाठी छोटा संगणक बसवायचा होता. जुन्या लाकडी ठप्प्यांचे स्कॅन काही आठवडे खपून तयार केले होते. ते एक टेराबाइटच्या बाहेरच्या डिस्कवर होते, आणि दुसरी प्रत नव्हती. ती पुढच्या खेपेला घ्यायची असे ठरले होते.

पहिल्या दिवशी डिस्क एसडीए होती आणि रीडरमधले कार्ड एसडीबी. इमेज नीट लिहिली गेली आणि आज्ञा वहीत उतरवून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुसरे कार्ड तयार करताना मध्येच लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच बसलेली होती, त्यामुळे तोही बंद पडला. लाइट आल्यावर सगळे पुन्हा सुरू झाले, पण या वेळी रीडर पटकन सापडला आणि जडशीळ डिस्क फिरायला लागून वर यायला वेळ लागला. कार्ड झाले एसडीए, डिस्क झाली एसडीबी. वहीतली आज्ञा जशीच्या तशी टंकली गेली.

ती आज्ञा होती डीडी. १९७४च्या युनिक्सपासून ती चालत आली आहे. आयएफपुढे कुठून वाचायचे, ओएफपुढे कुठे लिहायचे, इतकेच तिला सांगायचे असते. ती ‘खात्री आहे का’ असे विचारत नाही, लक्ष्यावर आधी काय होते ते पाहत नाही, आणि न सांगितल्यास काम किती झाले तेही दाखवत नाही. इतक्या मुकाट्याने ऐकणाऱ्या नोकराला हुकूम देताना जी दक्षता लागते, ती त्या दुपारी नव्हती. दोन मिनिटांनी डिस्कचा दिवा लुकलुकतो आहे आणि रीडरचा थंड आहे, हे ध्यानात आले. कंट्रोल-सी दाबेपर्यंत डिस्कचा आरंभीचा सुमारे तीन गिगाबाइटचा भाग लिनक्सने व्यापला होता.

नुकसानाचे स्वरूप समजून घेण्यासारखे आहे. तीन गिगाबाइट म्हणजे एक टेराबाइटच्या तुलनेत चिमूटभर. पण पार्टिशनची नोंद सुरुवातीलाच असते, आणि या डिस्कवरच्या एक्सफॅट पद्धतीत कोणती फाइल कुठे आहे याचा तक्ता व मुख्य फोल्डरची यादीही सहसा पुढच्याच भागात असते. चित्रे बहुतेक शाबूत होती. हरवली होती ती त्यांची नावे आणि फोल्डर. फोटोरेक हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम फाइलींच्या आतल्या खुणा ओळखून चित्रे बाहेर काढतो, पण त्यांना नुसते क्रमांक देतो. एका नक्षीला बाह्यरेषेचा एक ठप्पा, आतल्या भरावाचा दुसरा, पार्श्वभूमीचा तिसरा लागतो. कोणता कोणाचा जोडीदार, हे फक्त फाइलीच्या नावात लिहिलेले होते. अखेर कारखान्यातल्या वडीलधाऱ्या कारागिरांनी खरे ठप्पे ओळीने मांडून, पडद्यावरचे चित्र आणि हातातले लाकूड ताडून जोड्या लावून दिल्या. त्यांना पाच दिवस लागले. छपाईचा हंगाम चालू होता.

अशी चूक झाल्यास पहिली गोष्ट म्हणजे त्या डिस्कवर आणखी काहीही लिहू नये. ती ‘दुरुस्त’ करण्याच्या संगणकाच्या आग्रहाला नकार द्यावा, फॉरमॅट तर मुळीच करू नये, आणि सापडलेल्या फाइली दुसऱ्याच डिस्कवर उतरवाव्यात.

चूक टाळणे सोपे आहे, फक्त कंटाळवाणे आहे. इमेज लिहिण्याआधी कार्डाखेरीज बाहेरची प्रत्येक डिस्क काढून ठेवावी. ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा कार्ड घालण्यापूर्वी एकदा आणि घातल्यावर एकदा चालवावी. जी ओळ नव्याने आली तीच कार्डाची. तिच्यापुढचा आकार पाहावा: ३२ गिगाबाइटचे कार्ड तिथे २९ ते ३० दिसते, एक टेराबाइटची डिस्क ९३१ गिगाबाइट. दोहोंत गोंधळ व्हायला डोळे मिटून बसावे लागेल, आणि लेखक नेमका तसाच बसला होता. संगणक पुन्हा सुरू झाला, लाइट गेली किंवा केबल हलली, की जुनी अक्षरे रद्द समजून हे सारे पुन्हा करावे. रास्पबेरी पाय इमेजर किंवा बलेना एचर वापरल्यास धोका पुष्कळ कमी होतो, कारण ते लॅपटॉपची मूळ डिस्क सहसा यादीत येऊ देत नाहीत आणि लिहून झाल्यावर पडताळाही घेतात. बाहेरची हार्ड डिस्क मात्र त्यांच्याही यादीत दिसू शकते. साधन बदलले म्हणून नजर सैल सोडता येत नाही.

उतरवलेली इमेज अर्धवट असू शकते. तिच्याबरोबर दिलेली ‘शा-२५६’ची ६४ अक्षरी खूण आपल्या फाइलीच्या खुणेशी ताडावी. इमेज बहुधा ‘एक्सझेड’ किंवा ‘झिप’मध्ये आवळलेली येते, वर सांगितलेले दोन्ही प्रोग्रॅम ती स्वतः सोडवतात, डीडी सोडवत नाही. आवळलेली फाइल तशीच लिहिली की कार्ड भरते, पण पट्टीवरचा दिवा निर्विकार राहतो.

लिहिणे संपले असे दिसले तरी सगळा मजकूर कार्डावर पोचलेला असतोच असे नाही, कारण लिनक्स तो काही काळ मेमरीत धरून ठेवते. ‘सिंक’ आज्ञा पुरी होईपर्यंत, किंवा डीडीला आधीच ‘कॉन्व्ह=एफसिंक’ सांगितले असल्यास ती परत येईपर्यंत, कार्डाला हात लावू नये. विंडोजवाल्यांना आणखी एक सापळा असतो. कार्ड लिहून झाल्यावर विंडोज ‘ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ असे सांगते. लिनक्सचे एक्स्ट४ पार्टिशन त्याला वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तिथे ‘होय’ दाबून नुकतेच केलेले काम पुसणारे लोक लेखकाने एकाहून अधिक पाहिले आहेत.

स्वस्तातली कार्डे खोटी निघतात: वर लिहिलेले ६४ गिगाबाइट, आत प्रत्यक्ष जागा ८. अशा कार्डावर लहान इमेज व्यवस्थित चालते आणि महिन्याभराने, खरी जागा संपताच, फाइली विरघळू लागतात. लिनक्सवर एफ३ आणि विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू हे प्रोग्रॅम कार्ड काठोकाठ भरून परत वाचतात आणि खोटेपणा उघड करतात. याला एखाददुसरा तास जातो. नवे कार्ड या परीक्षेशिवाय कामाला लावू नये.

लिहिलेले कार्ड बिघडण्यामागे वीज हे मोठे कारण असते. रास्पबेरी पाय ४ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा लागतो. जुन्या मोबाइलचा चार्जर आणि बारीक केबल यांवर तो सुरू होतो खरा, पण ऐन कामात गचके खातो. कार्डावर लिहिणे चालू असताना लाइट गेली तर फाइलींची व्यवस्था मोडू शकते. जिथे वीज लहरी आहे तिथे ‘रास्पी-कॉन्फिग’मधली ओव्हरलेची सोय चालू करावी. मग प्रणाली कार्ड फक्त वाचते, बदल मेमरीत राहतात आणि बंद पडल्यावर पुसले जातात. नमुने दाखवणाऱ्या पडद्याला याहून जास्त काही नको असते.

सगळे जमले की त्या कार्डाची उलट इमेज काढून ठेवावी. दोन कंपन्यांची ३२ गिगाबाइटची कार्डे सेक्टरांच्या हिशेबात सारखी असतीलच असे नाही. थोरल्याची इमेज धाकट्यावर मावत नाही. ‘पायश्रिंक’ या प्रोग्रॅमने इमेज आधी आकसून घेतल्यास ही अडचण उरत नाही. तयार केलेले दुसरे कार्ड संगणकाच्या डब्यातच चिकटपट्टीने लावून ठेवावे, म्हणजे पहिले गेले तर कारखान्यातला कोणीही ते बदलू शकतो.

बागच्या कारखान्यात आता स्कॅनच्या तीन प्रती आहेत, त्यांतली एक गावाबाहेर. वहीतली आज्ञा अजून आहे. तिच्यात ओएफपुढची जागा मात्र कोरी ठेवली आहे.