माशांच्या टाकीतील औषधाचे मोजमाप

जनावराला औषध त्याच्या वजनावरून देतात. टाकीतील माशांना ते पाण्याच्या मापावरून द्यावे लागते. मासा औषधी पाण्यातच रात्रंदिवस राहतो व त्याच पाण्यातून कल्ल्यांवाटे श्वास घेतो. म्हणून मात्रा कमी पडल्यास रोग हटत नाही, आणि जास्त झाल्यास कल्ले भाजून सारी टाकी एका रात्रीत रिकामी होते. शोभेच्या माशांचा जोडधंदा करणाऱ्याने चिमटीने वा मुठीने औषध टाकण्याची सवय प्रथम सोडली पाहिजे.

पाणी किती आहे?

टाकीच्या आतील बाजूची लांबी व रुंदी मोजावी. खोली मात्र भिंतीची न घेता पाण्याची घ्यावी. तिन्ही मापे मीटरमध्ये घेऊन गुणाकार केला की घनमीटर येतात. १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर पाणी.

उदाहरणार्थ, सिमेंटची टाकी ३ मीटर लांब, २ मीटर रुंद व १ मीटर उंच आहे. पाणी ७५ सेंटीमीटर आहे.

३ × २ × ०.७५ = ४.५ घनमीटर, म्हणजे ४,५०० लिटर.

येथे भिंतीची उंची धरली असती तर हिशेब ६,००० लिटरांचा झाला असता व माशांना एकतृतीयांश अधिक औषध गेले असते.

औषध किती?

दर लिटरला १ मिलिग्रॅम म्हणजेच दर घनमीटरला १ ग्रॅम. पोटॅशियम परमँगनेट टाकीतच सोडावयाचे असता सामान्यतः दर लिटरला २ मिलिग्रॅम वापरतात. वरील टाकीस ४.५ × २ = ९ ग्रॅम पुरेल. दशांश चिन्ह एक घर सरकले तर ९ चे ९० ग्रॅम होतात. म्हणून हिशेब कागदावर मांडून दुसऱ्याकडून तपासून घ्यावा.

काचेच्या लहान टाकीत मात्रा इतकी अल्प असते की दुकानातील तराजूवर ती तोलता येत नाही. अशा वेळी १० ग्रॅम औषध पाण्यात विरघळवून द्रावण बरोबर १ लिटर करावे. त्याच्या प्रत्येक मिलिलिटरात १० मिलिग्रॅम औषध असते. ८५ लिटर पाण्यास १७० मिलिग्रॅम, म्हणजे १७ मिलिलिटर द्रावण लागेल. ते सुई काढलेल्या सिरिंजने मोजावे. हे द्रावण गरजेपुरते ताजेच करावे.

मीठ व परमँगनेट यांतील भेद

मीठ पाण्यात टिकून राहते. दर लिटरला १ ग्रॅम या मानाने वरील टाकीस ४.५ किलो मीठ घातले असेल, आणि नंतर १,५०० लिटर पाणी काढून ताजे भरले, तर फक्त १.५ किलो मीठ पुन्हा घालावे. पाणी उन्हाने आटले असेल तर मुळीच घालू नये. वाफ उडते, मीठ मागे राहते.

परमँगनेट मात्र पाण्यातील घाणीवर खर्च होते. गुलाबी रंग लवकर तपकिरी झाला तर मात्रा वाढविण्यापेक्षा आधी तळाचा गाळ काढावा.

दक्षता

१. औषध बादलीत पूर्ण विरघळवून टाकीभर पसरावे. खडे तळाशी जाऊ देऊ नयेत.
२. प्रथम दोनचार मासे त्याच मात्रेच्या पाण्यात वेगळे ठेवून पाहावे.
३. उपचार सकाळी करावा, हवेचा पंप चालू ठेवावा व जवळ थांबावे. मासे वर येऊन धापा टाकू लागल्यास पाणी ताबडतोब बदलावे.
४. दोन औषधे एकत्र करू नयेत. परमँगनेट व फॉर्मॅलिन यांचे मिश्रण माणसासही धोक्याचे आहे.
५. पाण्याची अल्कता तपासल्याविना मोरचूद वापरू नये. मृदू पाण्यात त्याची अल्प मात्राही घातक ठरते.

टाकीची मापे व पाण्याच्या पातळीच्या खुणा भिंतीवर पक्क्या रंगाने लिहून ठेवाव्यात. रोग आला त्या दिवशीच्या घाईत फक्त गुणाकार करावयाचा राहील.