मुलाचे इंजिनियरिंग : लहान कॉलेज कसे पारखावे?



आडसाली लावणीची धांदल आणि इंजिनियरिंगच्या प्रवेशाची धांदल एकाच वेळी येते. जुलै-ऑगस्टमध्ये इकडे सऱ्या पाडायच्या, बेणे तोडायचे, आणि तिकडे पोरगा कागद पुढे करतो : "अण्णा, उद्यापर्यंत कॉलेजांची नावे भरायची हाईत." मग शेजारच्याला, मेव्हण्याला विचारून घाईने नावे भरली जातात. लावणीत चूक झाली तर एक पीक हातचे जाते. येथे चूक झाली तर मुलाची चार वर्षे जातात आणि त्यांच्याबरोबर ऊसबिलाचे हप्तेही जातात. म्हणून हा विषय या अंकात घेतला आहे.

लहान म्हणजे हलके नव्हे

पुण्याचे सरकारी इंजिनियरिंग कॉलेज १८५४ सालचे, सांगलीचे वालचंद कॉलेज १९४७ सालचे. मुलाचे गुण तेथे पुरत असतील तर ती संधी सोडू नये. पण तेथील जागा मोजक्या आणि मागणारे हजारो. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ साली विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली आणि हे शिक्षण खेड्याच्या जवळ आले. लोणी, वारणानगर, साखराळे येथील कॉलेजे त्याच वर्षीची. साखर कारखान्यांच्या परिसरातच ती उभी राहिली. सुरुवातीला तीही लहानच होती, आणि आपल्यासारख्यांचीच मुले तेथे शिकली.

लहान कॉलेजात मुलगा गर्दीत हरवत नाही. तो दोन दिवस आला नाही तर सरांच्या ध्यानात येते. मशीनला हात लावायची पाळी लवकर येते. मात्र शाखा थोड्या असतात आणि नोकरीसाठी येणाऱ्या कंपन्याही कमी असतात, हेही आधी जाणून असावे.

लहान वेगळे, रिकामे वेगळे

खरी मेख येथे आहे. २०१० नंतरच्या दशकात राज्यात इंजिनियरिंगच्या हजारो जागा रिकाम्या राहिल्या आणि काही कॉलेजे बंदही पडली. त्यामुळे बाहेरून सारखीच दिसणारी दोन लहान कॉलेजे आतून फार वेगळी असू शकतात.

आमच्या गटातील एका सभासदाबरोबर आम्ही स्वतः अशी दोन कॉलेजे पाहून आलो. पहिल्याची कमान मोठी, पुढे बाग. वर्कशॉपात लेथ ओळीने उभे होते, पण एकाखालीही लोखंडाचा बुरा नव्हता. शिपायाला विचारले तर म्हणाला, "तपासणी असली की चालू करतो, साहेब." साठ जागांच्या वर्गात पंधरा मुलेही नव्हती. दुसऱ्या कॉलेजाला पत्र्याची शेड होती. पण आत वीस मुले पाळीपाळीने काम करीत होती आणि साऱ्यांचे हात काळे झालेले. सरांनी एकाला नावाने हाक मारून त्याचे माप चुकल्याचे दाखवून दिले. परतताना तो सभासद एवढेच म्हणाला, "बेणं फडात जाऊनच बघावं लागतं."

पाहायला जाल तेव्हा काय विचाराल?

१) शिक्षक किती? अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या निकषाप्रमाणे वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. साठ जागांच्या शाखेत चार वर्षांचे मिळून २४० विद्यार्थी होतात. म्हणजे प्रथम वर्षाचे गणित-विज्ञान शिकविणारे धरून बारा शिक्षक हवेत. दर नवांत एक प्राध्यापक, दोन सहयोगी व सहा सहायक प्राध्यापक असावेत. नावांची यादी मागा आणि त्यातले किती जण पाच वर्षांपासून आहेत, तेही विचारा. दर वर्षी शिक्षक बदलत असतील तर समजून घ्या.

२) शाखेला मान्यता आहे काय? नॅकचे मूल्यांकन सगळ्या कॉलेजचे असते, एन.बी.ए.चे मानांकन मात्र एकेका शाखेला आणि ठरावीक मुदतीपुरते मिळते. फाटकावरच्या पाटीवर जाऊ नका. "आमच्या मुलाच्या शाखेला आहे का, आणि कोणत्या सालापर्यंत?" असे स्पष्ट विचारा.

३) जागा भरतात काय? मागील तीन वर्षांत या शाखेत किती मुलांनी प्रवेश घेतला आणि किती जण चार वर्षांत पास होऊन बाहेर पडले, हे दोन आकडे शेजारी मांडा.

४) मुले गेली कुठे? भिंतीवरच्या फोटोंवर विसंबू नका. मागल्या वर्षी पास झालेल्या दोन-तीन मुलांना गाठा. आपल्या पंचक्रोशीतला एखादा सापडतोच. तो खरे सांगेल.

५) वर्कशॉप व प्रयोगशाळा चालू दिवशी पाहा. सुटीच्या दिवशी सगळीच कॉलेजे सारखी दिसतात.

पैशाचा हिशेब

प्रत्येक खाजगी विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देते. त्याहून जास्त कोणी मागितली, किंवा पावतीशिवाय देणगी मागितली, तर ते बेकायदा आहे. राज्यात १९८७ सालापासून तसा कायदा आहे.

दुसरी गोष्ट अनेकांना प्रवेश झाल्यावर कळते. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतला, तर वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबाला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती मिळू शकते. २०२४-२५ पासून याच उत्पन्नमर्यादेतील पात्र मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क शासनाने पूर्ण माफ केले आहे. संस्थेच्या कोट्यातून जागा घेतली तर ही सवलत हातची जाते. नावाजलेल्या कॉलेजात कोट्यातून जागा घ्यायला सोसायटीचे कर्ज काढण्याआधी, प्रक्रियेतून मिळणारे चांगले लहान कॉलेज एकदा पाहून या. अल्पभूधारक सभासदांनी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचीही चौकशी करावी.

नावे भरताना क्रम नीट लावा. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचे कॉलेज मिळाले तर तीच जागा घ्यावी लागते; नाही घेतली तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद होते. म्हणून न पाहिलेले कॉलेज पहिले लिहू नका.

दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेऊन थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याचीही वाट आहे. बारावीचे विज्ञान जड जाणाऱ्या, पण हाताने हुशार असलेल्या मुलाला ती सोयीची पडते.

शेवटी एकच विनंती. जूनमध्ये, लावणीच्या गडबडीआधी, दोन दिवस काढा. मुलाला बरोबर घ्या, मुलगी शिकणार असेल तर तिला घ्या आणि तिच्या आईलाही घ्या. वसतिगृह, पाणी, यायची-जायची एस.टी. यांतले बारकावे आईच्या नजरेला लवकर दिसतात. कॉलेज लहान असले तरी चालेल. ते रिकामे नाही, एवढी खात्री आपल्या डोळ्यांनी करून घ्या.